जुन्या मोटारीच्या चाकातली हवा नेमकी जाते कुठून?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत. हौसेने जपलेल्या जुन्या मोटारीच्या एखाद्या चाकातली हवा हळूहळू उतरत जाते, खिळा किंवा काच कुठे दिसत नाही आणि पंक्चर काढून आणल्यावरही काही दिवसांनी चाक पुन्हा बसलेले आढळते. अशा पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. अनेक पत्रलेखकांनी कारण कळण्याआधीच ट्यूब, टायर किंवा दोन्ही बदलून टाकल्याचे कळवले आहे, त्यामुळे उत्तरांत दुरुस्तीपेक्षा निदानावर अधिक भर दिला आहे. हवेच्या दाबासाठी सर्वत्र रूढ असलेला ‘पौंड’ हा शब्द पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड, या अर्थाने वापरला आहे.

प्रश्न: माझ्याकडे १९५० च्या दशकातील, स्पोकची चाके असलेली दोन आसनी मोटार आहे. मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याभरात २६ पौंडांवरून १५ पर्यंत उतरते. कारागिराने साबणाचे पाणी लावून पाहिले तेव्हा दोन-तीन स्पोकच्या मुळाशी बुडबुडे आले. स्पोकची मुळे सीलंट लावून बंद करावीत, असे त्याचे म्हणणे आहे. तसे करावे का?

उत्तर: तसे करू नये. कारागिराने पाहिलेले बुडबुडे खरे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. स्पोकच्या चाकात हवा धरून ठेवण्याचे काम रिमचे नसते आणि टायरचेही नसते. ते एकट्या ट्यूबचे असते. ट्यूबला कुठेही बारीक छिद्र पडले की हवा ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये शिरते, तिथून वाट मिळेल तशी सरकत जाते आणि स्पोकच्या मुळाशी, व्हॉल्व्हच्या भोकातून किंवा टायरच्या कडेखालून बाहेर पडते. छिद्र चाकाच्या एका बाजूला आणि बुडबुडे अगदी विरुद्ध बाजूला, असे सर्रास घडते. स्पोकची मुळे बंद केलीत तर हवा दुसऱ्या वाटेने जाईल. शिवाय सीलंटमुळे स्पोक ताणणे किंवा बदलणे पुढे अवघड होऊन बसेल. ट्यूब असलेल्या चाकात बुडबुडे हवा बाहेर पडण्याची जागा दाखवतात, गळतीची जागा दाखवत नाहीत, हे एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मी चुकीची दुरुस्ती टळते.

याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे व्हॉल्व्हचे तोंड. तिथे येणारा बुडबुडा मात्र तिथल्याच दोषाचा असतो, म्हणून चाक खोलण्याआधी तपासणीला तिथून सुरुवात करावी. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल इतकी गाडी सरकवावी, टोपी काढावी आणि पाण्याने भरलेला लहान पेला खालून असा धरावा की व्हॉल्व्हचे तोंड पाण्यात बुडेल. टोपी काढताना तोंडाशी अडकलेली हवा एखाद्या बुडबुड्याच्या रूपाने सुटते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे आणि निदान दोन-तीन मिनिटे पेला तसाच धरून ठेवावा. आठवड्याला दहा-अकरा पौंड उतरवणारी गळती फार मंद असते. तिचा एक बुडबुडा तयार व्हायला कित्येक सेकंद लागू शकतात आणि घाईने पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

बुडबुडे व्हॉल्व्हच्या तोंडातून आले तर दोष आतल्या पिनेत आहे. श्रेडर पद्धतीच्या या व्हॉल्व्हचे पेटंट १८९३ सालचे असून त्याची मूळ रचना आजही तीच आहे. पिनेवर हवा अडवणाऱ्या दोन जागा असतात. वरच्या अंगाला एक बारीक वॉशर नळीच्या उतरत्या बाजूवर दाबून बसतो, तर तळाशी लहान वाटीसारखा भाग स्प्रिंगच्या जोरावर तोंड बंद ठेवतो. वरचा वॉशर जुना होऊन कडक झाला किंवा पिन गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे चिरला, तर हवा पिनेच्या बाहेरून निसटते. तळाच्या भागात धुळीचा कण अडकला तर ती पिनेच्या आतून येते. दोन्हींवर उपाय एकच आहे: नळी आतून स्वच्छ करून नवी पिन बसवावी आणि ती हलक्या हाताने आवळावी. आत रबरी वॉशर असलेली धातूची टोपी जरूर लावावी. तिच्यामुळे धूळ आत जात नाही आणि हवेला दुसरा अडसरही मिळतो, पण गळकी पिन झाकण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

तोंड कोरडे राहिले आणि बुडबुडे नळी रिममधून जिथे बाहेर येते तिथून किंवा स्पोकच्या मुळांतून येऊ लागले, तर ट्यूब बाहेर काढण्याला पर्याय नाही. टायर सोडवण्याआधी टायरच्या बाजूवर, बरोबर व्हॉल्व्हच्या समोर, खडूने खूण करावी, आणि चाकाची बाहेरची बाजू कोणती तेही लिहून ठेवावे. या खुणेचे महत्त्व पुढे कळते. ट्यूब बाहेर काढल्यावर तिच्यात ती जेमतेम गोल होईल इतकीच हवा भरावी. टायरचा आधार नसलेली ट्यूब दोन-तीन पौंडांच्या पुढे एका जागी फुगत जाते आणि तिथले रबर कायमचे पातळ होते. मग ती थोडी थोडी पाण्यात बुडवून प्रत्येक भाग दोन्ही हातांनी किंचित ताणून पाहावा. बारीक छिद्रे ताण नसताना मिटलेली असतात. ट्यूबचा सांधा आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी चिकटवलेल्या रबरी गादीची कड या दोन ठिकाणी अधिक वेळ द्यावा, आणि नळी चारही दिशांना हलकेच वाकवून बुडाशी चीर उघडते का तेही पाहावे.

छिद्र सापडले म्हणून लगेच ठिगळ लावायला बसू नये. खुणेप्रमाणे ट्यूब टायरवर जशी होती तशी ठेवली की छिद्रासमोरचा टायरचा आणि रिमचा नेमका भाग कळतो. छिद्र ट्यूबच्या बाहेरच्या परिघावर असेल तर टायरच्या त्या भागाच्या आतून जाड कापड फिरवावे. बारीक तार, मोडलेल्या खिळ्याचे टोक किंवा टायरच्या आतल्या धाग्यांची तुटलेली टोके कापडात अडकतात. उघड्या बोटांनी चाचपणे धोक्याचे आहे. छिद्र आतल्या परिघावर असेल तर दोष रिमच्या बाजूला आहे. तिथे एखाद्या स्पोकचे टोक वर आलेले असेल, स्पोकवर पसरलेली रबरी पट्टी वाळून तिची कड धारदार झाली असेल किंवा गंजाचे पापुद्रे सुटले असतील. ट्यूबच्या बाजूला जवळजवळ दोन समांतर चिरा दिसल्या तर टायर चढवताना ती लिव्हरखाली चिमटली होती, असे समजावे. कारण तसेच ठेवून लावलेले ठिगळ काही दिवसांतच निरुपयोगी ठरते आणि मग दोष ठिगळाच्या माथी येतो. आपल्या गाडीच्या वयाकडे पाहता प्रथम संशय स्पोकवरच्या पट्टीवरच येतो. ट्यूब काढलीच आहे तर पट्टी नवी घालावी, वर आलेली स्पोकची टोके कानशीने सपाट करावीत आणि हवा भरण्याआधी ट्यूबला शंखजिऱ्याची भुकटी लावावी.

प्रश्न: माझ्या जुन्या सलून मोटारीच्या चारही चाकांतली हवा एकदमच उतरते. पंपावर ३० पौंड भरून आणले की दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजवर २६ किंवा २७ दिसतात. चारही ट्यूब नव्या आहेत. नव्या ट्यूबच सदोष निघाल्या असतील का?

उत्तर: चार ट्यूब एकाच वेळी, एकाच प्रमाणात गळू लागणे जवळजवळ अशक्य आहे. चारही चाके सारखी उतरत असतील तर आधी मोजमाप तपासावे. गाडी चालवत पंपापर्यंत नेली की टायर तापतात आणि आतला दाब तीन ते पाच पौंडांनी चढतो. त्या तापलेल्या टायरात आपण ३० पौंड मोजून घेतले असतील, तर रात्रभरात थंड झालेल्या टायरात २६ किंवा २७ दिसणे स्वाभाविकच आहे. एक थेंबही न गळता हवा ‘गेली’ असे वाटते ते यामुळे. ऋतूचा परिणामही असाच होतो. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की अशा टायरातला दाब जवळपास एक पौंडाने घटतो. ३५ अंशांच्या दुपारी भरलेली ३० पौंडांची हवा १५ अंशांच्या पहाटे २७ च्या आसपास भरते. पंपावरचा गेज आणि घरचा गेज यांच्यातही एक-दोन पौंडांचा फरक असणे काही विशेष नाही.

म्हणून मोजमापाची शिस्त आधी लावावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी ऊन चाकांवर येण्यापूर्वी, एकाच गेजने पाचही चाके मोजून आकडे तारखेनिशी लिहून ठेवावेत. पाचवे चाक म्हणजे अतिरिक्त चाक; ते मोजायला कोणी सहसा वाकत नाही, पण निदानासाठी तेच फार उपयोगी आहे. त्याच्यावर गाडीचा भार नसतो आणि ते फिरतही नाही. तेही इतरांइतकेच उतरत असेल तर कारण तापमानात किंवा रबरातून सावकाश झिरपणाऱ्या हवेत आहे. ते स्थिर राहून बाकीची उतरत असतील तर कारण भार आणि हालचाल यांच्याशी जोडलेले आहे. चारांपैकी एकच चाक वेगाने उतरत असेल तर मात्र ती खरी गळती समजावी.

रबरातून झिरपणाऱ्या हवेविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते महत्त्वाचे आहे. पूर्णपणे हवाबंद रबर असे काही नसते. महिन्याला एक ते तीन पौंड उतरणे हे निरोगी चाकाचे लक्षण मानले जाते. ब्यूटाइल रबराचा शोध १९३७ मध्ये लागला. त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या सुमारे एक दशांश किंवा त्याहूनही कमी प्रमाणात झिरपते, म्हणून पुढच्या काळात ट्यूब मुख्यत्वे ब्यूटाइलच्या बनू लागल्या. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या मालकांना दर आठवड्याला हवा भरावीच लागत असे आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. आपल्या नव्या ट्यूब कोणत्या रबराच्या आहेत याची विचारणा विक्रेत्याकडे जरूर करावी. नैसर्गिक रबराच्या असतील तर त्या सदोष नाहीत, फक्त त्यांच्याकडे अधिक वेळा लक्ष द्यावे लागेल.

प्रश्न: १९५० च्या दशकाच्या मध्यातील माझ्या मोटारीला पत्र्याची मूळ चाके आहेत. त्यांवर मी ट्यूबलेस रेडियल टायर बसवले. दोन चाकांतली हवा दहा-बारा दिवसांत निम्म्यावर येते. टायर नवे आहेत, व्हॉल्व्ह नवे आहेत आणि पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिले तर टायरवर कुठेही बुडबुडा नाही.

उत्तर: ट्यूब नसली की रिमच हवेचे भांडे बनतो. आपली तपासणी टायरवर थांबली आणि रिमकडे कोणी पाहिले नाही, असे पत्रावरून दिसते. ट्यूबलेस टायरची घोषणा अमेरिकेत १९४७ मध्ये झाली आणि १९५५ च्या सुमारास तिथल्या बहुतेक नव्या गाड्यांवर तो आला. इतर अनेक देशांत मात्र ट्यूबचे टायर त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिले. त्यामुळे गाडी त्या काळातली आहे एवढ्यावरून तिची चाके ट्यूबलेससाठी बनवली होती, असे धरून चालता येत नाही.

अशा चाकात पाहण्याजोग्या जागा ठरलेल्या आहेत. त्या काळच्या अनेक चाकांत मधली तबकडी रिमला रिव्हेटांनी जोडलेली असे. ट्यूब असताना रिव्हेटच्या भोवतालच्या केसभर फटीने काही बिघडत नव्हते, पण ट्यूब काढली की प्रत्येक रिव्हेट गळतीची शक्यता बनते. रिमचा पत्रा गोल वळवून जिथे वेल्ड केलेला असतो त्या सांध्यात सूक्ष्म छिद्रे असू शकतात. टायरची कड, जिला कारागीर बीड म्हणतात, ज्या पट्ट्यावर टेकते तिथे गंजाचे खड्डे पडलेले असतात किंवा जाड रंगाचे थर निम्मे सुटलेले असतात. यांत सर्वाधिक आढळणारे कारण हे शेवटचे.

टाकीत बुडवण्याची पद्धत वाईट नाही, परंतु पाण्यात ढवळाढवळ झाली की मंद बुडबुडे नजरेतून निसटतात. त्यापेक्षा चाक गाडीवरून काढून आडवे ठेवावे, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आतच पण नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी आणि बीड व रिम यांच्यामधल्या खाचेत साबणाचे पाणी ओतून ठेवावे. खाच गोल असल्यामुळे पाणी तिथेच साचून राहते. दहा मिनिटे कशालाही हात न लावता पाहत राहिल्यास अगदी मंद गळतीचाही बारीक फेसाचा ठिपका तयार होतो. त्यानंतर रिव्हेटांची डोकी आणि वेल्डचा सांधा यांवर तेच पाणी कुंचल्याने लावावे. मग चाक उलटे करून आतल्या बाजूला हेच सारे पुन्हा करावे. गाडीवर असलेल्या चाकाची आतली बाजू सहसा तपासलीच जात नाही, आणि चिखल-पाण्याचा मारा तर तिथेच अधिक असतो. तपासणी झाल्यावर चाक स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे, साबण तसाच राहू देऊ नये.

दोष बीडच्या पट्ट्यावर आढळला तर टायर उतरवून गंज तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत घासून काढावा, प्रायमर आणि रंगाचा पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच टायर चढवावा. खड्डे खोल असतील तर बीडसाठी मिळणारे सीलर कामी येते. रिव्हेटांतून गळत असेल तर रिम आतून सील करण्याचा प्रयत्न करता येतो, परंतु माझा कल अशा चाकात ट्यूब घालण्याकडे आहे. त्याला आणखी एक कारण आहे. ट्यूबलेससाठी बनवलेल्या नंतरच्या रिमवर बीडच्या आतल्या अंगाला एक उंचवटा असतो, ज्यामुळे हवा कमी झाली तरी वळणावर बीड जागचा सरकत नाही. जुन्या रिमवर तो नसतो. तेव्हा गळती पूर्ण थांबवली तरी ही उणीव राहतेच. ट्यूब घालताना ती रेडियलमध्ये चालणारी आणि बरोबर मापाची असावी, कारण रेडियलच्या बाजू अधिक लवतात आणि भलतीच ट्यूब आत घासत राहते. टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबले काढून टाकावीत, कारण ट्यूब त्यांच्या कडांवर घासून झिजते. टायर बनवणाऱ्याची अशा वापराला संमती आहे ना, हेही आधी पाहून घ्यावे. आणि तपासणीत रिमच्या पत्र्यात तडा दिसला, मग तो कितीही बारीक असो, तर ते चाक गाडीवर परत चढवू नये. गळतीपेक्षा ती कितीतरी गंभीर बाब आहे.

प्रश्न: एकाच चाकाची ट्यूब पुन्हा पुन्हा व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. दर वेळी नवी ट्यूब घातली आहे. पंक्चर काढणारे म्हणतात की हल्लीच्या ट्यूबच कमी दर्जाच्या असतात.

उत्तर: दर्जाचा प्रश्न असता तर तो इतर चाकांतही दिसला असता. एकाच चाकात, एकाच जागी ट्यूब फाटत असेल तर कारण त्या चाकातच शोधायला हवे.

रिमच्या भोकाचे माप घेऊन पाहावे. पुष्कळ जुन्या चाकांत व्हॉल्व्हचे भोक सुमारे १६ मिलिमीटरचे असते, तर आज सहज मिळणाऱ्या ट्यूबची रबरी नळी ११.५ मिलिमीटरच्या भोकासाठी बनवलेली असते. ट्यूबवर टीआर १३ असे लिहिले असेल तर ती लहान भोकाची आणि टीआर १५ असेल तर ती मोठ्या भोकाची. लहान नळी मोठ्या भोकात घातली की ती प्रत्येक फेऱ्यात हलते आणि तिच्या बुडाचे रबर भोकाच्या कडेवर घासत राहते. योग्य मापाची ट्यूब मिळवावी किंवा भोकात बरोबर बसणारी बुशी घालावी. भोकाची कड धारदार असेल तर ती कानशीने गोलसर करून घ्यावी.

भोकाचे माप बरोबर असेल तर नळीचा कल पाहावा. चाक उभे असताना नळी रिमच्या मध्याकडे सरळ रोखलेली दिसली पाहिजे. ती एका बाजूला झुकलेली असेल तर टायर रिमवर सरकत आहे आणि जाताना ट्यूबला ओढत नेत आहे. कमी हवेवर गाडी चालवणे, जोरात ब्रेक लावणे आणि टायर चढवताना बीडला तेल किंवा ग्रीस लावलेले असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. टायर आणि रिम यांवर एकमेकांसमोर खडूची रेघ ओढून काही दिवस गाडी चालवावी. रेघा एकमेकींपासून सरकल्या तर शंकेला जागा उरत नाही. याशिवाय चाकावरच्या शोभेच्या झाकणाची कड नळीला टेकत नाही ना, हेही झाकण बसवून पाहावे. झाकण काढून तपासणी करणाऱ्याच्या हे कधीच ध्यानात येत नाही.

प्रश्न: गळती बंद करणारे द्रव औषध ट्यूबमध्ये घालावे का? आणि नायट्रोजन भरल्याने हवा टिकते, हे खरे आहे का?

उत्तर: द्रव औषध घालू नये. त्याने बारीक छिद्र काही काळ बुजेल, पण छिद्र पाडणारी तार किंवा स्पोकचे टोक आतच राहील, ट्यूबवर पुढे ठिगळ नीट धरणार नाही, चाकाचा तोल बिघडेल आणि व्हॉल्व्हची पिन चिकटून बसेल. निर्जन रस्त्यावर अडकल्यास घरी पोहोचण्यापुरता त्याचा उपयोग मान्य आहे, त्यापलीकडे नाही. नायट्रोजनविषयी सांगायचे तर साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे शुद्ध नायट्रोजन भरल्यास दाब थोडा अधिक काळ टिकतो हे खरे आहे. मात्र छिद्रातून दोन्ही सारख्याच सहजतेने बाहेर पडतात.

प्रश्न: आमच्या कुटुंबात १९२० च्या आसपासची, रिमच्या वळलेल्या कडेत टायरची कड अडकवण्याच्या पद्धतीची मोटार आहे. वर्षातून एखाद्या मेळाव्यापुरतीच ती बाहेर निघते. एका चाकातली हवा महिन्याभरात १५ पौंडांनी उतरते. इतक्या कमी वापरासाठी ते चाक उघडण्याची खरोखर गरज आहे का? जुने टायर उतरवताना फाटतील अशी भीती वाटते.

उत्तर: गरज आहे. त्याच काळातील फोर्ड मॉडेल टी या गाडीवरही सुरुवातीची बरीच वर्षे याच पद्धतीचे टायर होते. या टायरांच्या कडेत पोलादी तारेचे कडे नसते. टायर रिमच्या वळलेल्या कडेत अडकून राहतो तो केवळ हवेच्या दाबामुळे, आणि म्हणूनच गाडी हलकी असूनही या टायरांना ५५ ते ६० पौंड इतका मोठा दाब लागतो. नंतरच्या काळातील टायरातली १५ पौंड हवा गेली तर गाडी जड चालते आणि टायर झिजतो. इथे वळणावर टायर रिममधून सुटून बाहेर येऊ शकतो. मेळाव्याच्या सकाळी हवा भरून निघालात तरी आतली चीर वाटेत किती वाढेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

उतरवताना टायर फाटेल इतका तो वाळला असेल, तर तो ६० पौंडांचा दाब पेलण्याच्याही लायकीचा राहिलेला नाही. टायर कडक झाले असल्यास चाक काही तास उन्हात ठेवून रबर मऊ पडल्यावर, गुळगुळीत आणि गोल टोकांच्या लिव्हरने, थोडे थोडे सरकत काम करावे. ट्यूब व रिम यांच्यामध्ये असणारी पट्टी, म्हणजे फ्लॅप, जागेवर आहे का आणि तिची टोके ट्यूबला रुतलेली नाहीत ना, हे आवर्जून पाहावे. या प्रकारच्या चाकांत मंद गळतीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. दुमडून बसवलेल्या ट्यूबलाही घडीच्या रेषेवर चिरा पडतात. तशी रेषा दिसली तर ट्यूब मोठ्या मापाची आहे असे समजून ठिगळ न लावता ती बदलावी.

काही जुन्या गाड्यांची चाके वेगळ्या कड्याने बंद होणारी, दोन किंवा अधिक भागांची असतात. अशा चाकाची गळती घरी तपासू नये. कडे नीट न बसता हवा भरली गेली तर ते जोरात उडून प्राणघातक इजा होऊ शकते. हे काम संरक्षक पिंजरा असलेल्या आणि अशी चाके हाताळण्याची सवय असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

प्रश्न: माझ्या गाडीचे ट्यूबलेस टायर दिसायला नव्यासारखे आहेत, नक्षी जवळजवळ पूर्ण आहे. तरीही हवा महिन्याला आठ-नऊ पौंड उतरते. साबणाचे पाणी लावल्यावर एका जागी बुडबुडा येण्याऐवजी टायरच्या बाजूवर अनेक ठिकाणी अतिशय बारीक फेस येतो. रिम आणि व्हॉल्व्ह तपासून झाले आहेत. असा फेस कशामुळे येतो?

उत्तर: आपण निरीक्षण अचूक केले आहे आणि त्याचा अर्थही सरळ आहे. ट्यूबलेस टायरच्या आतून हवा अडवणाऱ्या रबराचा एक अखंड थर असतो. वयामुळे तो थर कडक होऊन त्यात असंख्य सूक्ष्म भेगा पडल्या की हवा टायरच्या धाग्यांमध्ये शिरते, धाग्यांच्या अंगाने पसरते आणि बाजूवरच्या बारीक चिरांतून जागोजागी बाहेर येते. फेस एका ठिकाणी न येता पसरलेला दिसतो तो याच कारणाने. अशा टायरला ठिगळ नसते. आत ट्यूब घालून हवा टिकवता येईल, परंतु तसे मुळीच करू नये, कारण गळती थांबली तरी ज्या धाग्यांवर टायरची ताकद अवलंबून आहे ते हवा आणि ओलावा यांच्या संपर्कात आधीच आलेले असतात.

टायरच्या बाजूवर डीओटी (अमेरिकेच्या परिवहन विभागाची खूण) ही अक्षरे असतील तर त्या ओळीच्या शेवटचे चार अंक वाचावेत. ०९०६ असे असेल तर टायर २००६ सालच्या नवव्या आठवड्यात बनला आहे. शेवटी तीनच अंक असतील तर तो २००० सालापूर्वीचा आहे. हे अंक बहुधा टायरच्या एकाच बाजूवर पूर्ण लिहिलेले असतात, त्यामुळे बाहेरून न दिसल्यास गाडीखालून आतली बाजू पाहावी. कमी चालणाऱ्या गाडीत टायरची नक्षी झिजण्याच्या कितीतरी आधी रबर म्हातारे होते. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वर्णनावरून चारही टायर एकाच वेळी घेतलेले दिसतात. तसे असेल तर फेस अजून एकाच टायरवर आला असला तरी उरलेल्या तिघांचे आणि अतिरिक्त चाकाचेही अंक वाचून मगच नव्या टायरांची संख्या ठरवावी, आणि तोवर गाडी वेगाने किंवा लांबच्या प्रवासाला नेऊ नये.